मुलाचा ताबा, भेटीचा हक्क आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वधूवर-मेळावा, गुणवंतांचा सत्कार, शिष्यवृत्त्या हे आपल्या मंडळाचे नित्याचे विषय. आजचा माझा विषय तितका मंगल नाही. परंतु जी संस्था लग्ने जुळविण्यास पुढाकार घेते, तिने विस्कटलेल्या संसारातील मुलांकडे पाठ फिरवू नये, अशी माझी नम्र समजूत आहे.

मारहाणीला कंटाळून एखादी सून माहेरी निघाली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास येते : ‘तुला जायचे तर खुशाल जा; मूल आमच्या घराण्याचे आहे.’ या एका वाक्याने कितीतरी स्त्रियांची पावले उंबरठ्यावरूनच मागे फिरतात. त्या मुलासाठी परततात आणि तोच मार पुन्हा सोसतात. अशा घरात मूल हे मूल राहत नाही, ते ओलीस होते.

मूल घराण्याचे, ही समजूत कायद्याला मान्य नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पित्याला व ‘त्याच्यानंतर’ मातेला नैसर्गिक पालक ठरविले. पण पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेपाशीच असावे असे सांगितले आणि मुलाचे कल्याण हेच सर्वश्रेष्ठ मानले. पुढे १९९९ साली गीता हरिहरन यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नव्हे.

यापुढचे पाऊल म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याचे २१ वे कलम प्रत्येक मातेने ध्यानात ठेवावे. संरक्षणाचा अर्ज चालू असताना कोणत्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात, आणि जरूर तर पित्याने मुलाला कसे भेटावे याची व्यवस्थाही ठरवून देतात. मात्र अशी भेट मुलाच्या हिताला घातक ठरेल असे त्यांचे मत झाले, तर त्यांनी ती नाकारलीच पाहिजे. हा ताबा तात्पुरता असतो. कायमचा निर्णय पालकत्वाच्या कायद्यानुसार योग्य त्या न्यायालयात व्हावयाचा असतो.

‘हा कायदा बापाला मुलापासून तोडतो,’ असा आक्षेप आपल्यातील काही मंडळी घेतात. तो मी आदराने ऐकते, पण मला तो पटत नाही. भेटीची तरतूद त्याच कलमात आहे. शिवाय परिस्थिती पालटल्यास आदेशात बदल मागण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे. पित्याची माया मुलाला हवी, यात शंका नाही. परंतु आईला मारणारा हात मुलाच्या डोक्यावरून फिरला, तरी मुलाच्या मनातील भीती लगेच ओसरत नाही. म्हणून भेट हा प्रथम मुलाच्या हिताचा प्रश्न आहे, पित्याच्या मानापमानाचा नव्हे.

खरी अडचण प्रत्यक्ष व्यवहारात येते. संरक्षण आदेशाने नवऱ्याला पत्नीशी संपर्क ठेवण्यास मनाई केलेली असते. तिचा भंग झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मग रविवारी मुलाला पित्याकडे पोचवावयाचे कोणी? त्याने सासुरवाडीच्या दारात उभे राहावे, तर जुने भांडण तेथेच पेटते. मुलाच्या देवघेवीचा हा क्षण फार नाजूक असतो, आणि बिचारे मूल दोघांच्या मध्ये उभे असते.

येथेच आपले मंडळ काही करू शकेल. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, न्यायालयाने मान्य केल्यास मंडळाच्या कार्यालयातील एक खोली अशा भेटींसाठी ठेवावी आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीने तेथे उपस्थित राहावे. दुसरी, आपल्या सलोखा समितीने ‘मूल इकडे ठेवा, मग तडजोड पाहू’ अशी अट कोणत्याही पक्षाला घालू देऊ नये. तिसरी, हिंसाचार घडल्याचे समजल्यास संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. सद्‌भावनेने अशी माहिती देणाऱ्यावर कायदा कोणतीही जबाबदारी टाकीत नाही. ‘घरची गोष्ट चव्हाट्यावर नको,’ या भीतीने आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत मात्र लेकरू मोजते.

ज्ञातीची प्रतिष्ठा घटस्फोटांच्या संख्येवर मोजू नये. आपल्यातील दुबळ्यातल्या दुबळ्याला आपला किती आधार वाटतो, यावर ती मोजावी. या सूचनांचा कार्यकारिणीने येत्या वर्षी विचार करावा, एवढी माझी विनंती आहे.