वंशावळीतील नावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



समाजशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. माझ्या वर्गात द्राक्षबागायतदारांची मुले असत, पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवरची असत आणि थोडी आपल्या किराणा-कापड दुकानदारांच्या घरचीही. 'कुटुंबसंस्थे'ची व्याख्या साऱ्यांना पाठ. स्वतःच्या कुटुंबाकडे मात्र अभ्यासकाच्या दृष्टीने पाहणे कोणालाच जमत नसे. (मलाही ते फार उशिरा जमले.) म्हणून दरवर्षी पहिला स्वाध्याय ठरलेला : घराण्याची वंशावळ काढून आणा. ही अभ्यासपद्धती रिव्हर्स या ब्रिटिश संशोधकाने रूढ केली, आपले डॉ. गो. स. घुर्ये केंब्रिजला त्यांचेच विद्यार्थी होते.

एका वर्षी आपल्याच समाजातील एका मुलीने सात पिढ्यांची सुबक वंशावळ आणली. तीत एकही स्त्री नव्हती. मी विचारले, "या घरात मुली जन्मल्याच नाहीत का?" ती ओशाळली. आठवडाभराने आजीजवळ बसून तिने अकरा नावे माहेर-सासरच्या गावांसह लिहून आणली. आजीच्या पिढीत पाच बहिणी, आत्यांच्या पिढीत चार. तिच्या स्वतःच्या पिढीत, चुलत घरे धरून, मुलगे सात आणि मुली दोन. मग तिनेच मला विचारले, "सर, पूर्वीच्या मुली लिहायच्या राहून गेल्या. आमच्या पिढीतल्या कुठे गेल्या?"

एका घराच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर्गात शिकवीत असे. तेच उत्तर तिला दिले आणि सुटका करून घेतली. परंतु २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर आला. जैनांची साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक, देशात सर्वोच्च. आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली अवघ्या ८७०. देशाची सरासरी ९२७ असताना! २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला, तरी तो देशाच्या सरासरीखालीच राहिला. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या आपल्या घरांचा हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिताना खडू जड होत असे.

कोणी म्हणेल, सुवर्णमहोत्सवात हे कशाला? डॉ. विलास सांगवे स्वतः जैन होते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या जैन समाजाच्या सर्वेक्षणात त्यांनी आपल्याच समाजातील जाती, विवाहपद्धती व स्त्रियांचे स्थान तपासले. त्यामुळे समाजाचा मान कमी झाला नाही.

आपला ट्रस्ट कुटुंबपरिचय-पुस्तिका काढणार असल्याचे अध्यक्ष महोदयांनी आताच सांगितले. तीत कुटुंबप्रमुख व मुलगे यांच्याबरोबर सासरी गेलेल्या लेकींची नावेही यावीत आणि प्रत्येक घरातील मुला-मुलींची संख्या छापली जावी, अशी माझी विनंती आहे. घरोघर जाऊन नोंदी घेण्याचे काम मी व माझ्या काही माजी विद्यार्थिनी करू. वह्या मी आजच आणल्या आहेत.

जय जिनेंद्र.