डब्यावरचा पुढचा आकडा

बदलापूरच्या मांजर्लीतून पहाटे भाजीचे क्रेट घेऊन निघालेला पिकअप दिवसभरात किती वेळा थांबतो, किती वेळा सुटतो! बदलापूर-अंबरनाथची वाहनकोंडी, एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणारा पारा, पाठीवर टनभर माल. हा सगळा भार इंजिनात पेलतो तो ऑइलचा केसाहूनही पातळ थर.

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' छापलेले असते. 'डब्ल्यू' विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. १५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली २० अंशांवर होते. बदलापुरात तेवढी थंडी कुठली? इथे खरा कस पुढच्या आकड्याचा. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते, ते तो सांगतो. ४० ग्रेडची श्यानता, म्हणजे दाटपणा, तेव्हा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५.

'गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका' हा सल्ला मात्र सरसकट मानू नये. जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत उशिरा चढते, डिझेलही जास्त जाळते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राखेचे ऑइलच लागते. ग्रेड गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच घ्यावी.

आणि पावसाळ्याचे एक. उल्हास नदीचा पूर बदलापूरने २००५ आणि २०१९ साली पाहिला. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर चावी फिरवूच नये. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले, की पाणी मिसळले समजावे. गाडी ओढून गॅरेजला न्यावी आणि ऑइलबरोबर ऑइल फिल्टरही बदलून घ्यावा.