जप्ती आली तरी चूल राहते

श्रोतेहो, माणूस कर्जात बुडाला की "आता चुलीवरचे पातेलेसुद्धा जाणार" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पनवेलजवळच्या करंजाडे गावाकडे पाहा. तिथे जुनी शेतकऱ्यांची घरे आहेत, आणि हप्त्यांवर घेतलेले ब्लॉकही आहेत. धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच. ती कितपत खरी आहे, याचा आज विचार करू.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला व पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कर्ज फिटले पाहिजे हे खरेच. पण ते फेडायला माणूस जगलाही पाहिजे, एवढे सरकारला पटले.

हेच तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला जे अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, तेही सुटते. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, चरितार्थास लागणारी गुरे व बियाणे वगळले आहे. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतःच्या मालकीच्या ज्या घरात राहतो, ते घरही वगळले आहे. बेलिफाला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "पण आम्ही तर कागदावर सही करून बसलो!" त्याचीही सोय आहे. हे संरक्षण मी सोडून देतो, असा करार १९७६ च्या दुरुस्तीने निरर्थक ठरवला आहे.

मात्र गैरसमज नको. टीव्ही, फ्रीज, मोटारसायकल या यादीत नाहीत. गहाण टाकलेले सोने किंवा बँकेकडे तारण असलेला ब्लॉक या कलमाने वाचत नाही.

आता नादारीविषयी. मुंबई शहराबाहेर १९२० चा नादारीचा कायदा आहे. कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही आणि देणे पाचशे रुपयांचे वा अधिक असले, तर जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करता येतो. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, पण जप्तीतून सुटलेल्या वस्तू इथेही सुटतात.

म्हणून दोन गोष्टी करू नका. घाबरून भांडी-औते मातीमोलाने विकू नका. जे कायद्याने राखले ते आपल्या हाताने कशाला घालवायचे? आणि मालमत्ता मेहुण्याच्या नावे करून लपवू नका. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतली अशी फुकट दिलेली बक्षिसे न्यायालय रद्द करू शकते, आणि मालमत्ता लपवणे हा गुन्हा आहे.

मग करायचे काय? घरातल्या वस्तूंची यादी करा, कुठली गहाण आहे ते लिहा, आणि बेलीफ आलाच तर सुटीच्या वस्तू दाखवून द्या. तरीही त्याने त्या उचलल्या, तर न्यायालयात लगेच हरकत घ्या. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. गुरुजींनो, ही यादी शाळेच्या फळ्यावर एकदा लिहा. लाजेपोटी गप्प बसलेले घर कर्जाने होते त्याहून लवकर रिकामे होते.