एका घोड्याचे दोन कारभारी

घोड्यावर बसायला शिकणं ही आता केवळ संस्थानिकांची किंवा लष्करी अधिकाऱ्यांची गोष्ट राहिलेली नाही. पुण्याच्या आसपास भल्या सकाळी फिरलात, तर शाळकरी मुलं हेल्मेट घालून रिंगणात उतरलेली दिसतील. शिकता शिकता एखाद्याला घोड्याचा लळा लागतो. घरचे हौसेनं घोडा विकत घेतात. पण घोडा काही सोसायटीच्या आवारात बांधता येत नाही. मग तो दुसऱ्याच्या तबेल्यात महिन्याच्या पैशांवर ठेवला जातो. आणि तिथून त्या मुक्या जनावराला दोन कारभारी मिळतात. एक तबेल्याचा मालक, दुसरा स्वारी शिकवणारा प्रशिक्षक. या दोघांचं बिनसलं तर काय होतं आणि ते कसं निस्तरावं, याविषयी आज मी बोलणार आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. भांडणं सोडवणं हा काही माझा व्यवसाय नव्हे. पण तबेल्यातलं भांडण शेवटी घोड्याच्या पोटात किंवा पायात उतरतं आणि मग मला बोलावणं येतं. त्यामुळे या विषयाशी माझा संबंध आला तो असा, मागच्या दारानं.

आधी दोघांची बाजू समजून घेऊ. मालक जागा देतो, ठाण देतो, वैरण आणि चंदी पुरवतो, मोतद्दाराचा पगार देतो. शिकवणी होवो न होवो, घोड्याला रोज खायला लागतंच. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. पावसाळ्यात रिंगणात चिखल होऊन शिकवण्या बंद पडल्या, तरी हा खर्च थांबत नाही. त्यामुळे मालकाला वाटतं, 'जागा माझी, पाणी माझं, माणसं माझी. आणि हा दोन तास येऊन फी खिशात घालून जातो.' प्रशिक्षकाचं म्हणणं वेगळं. त्याची सारी पुंजी म्हणजे त्याची विद्या. बरेचसे प्रशिक्षक लष्करातल्या घोडेस्वार तुकड्यांतून निवृत्त होऊन आलेले असतात, मुलं त्यांना 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांना वाटतं, 'मुलं येतात ती माझ्यासाठी. मी नसतो तर यांची ठाणं रिकामी राहिली असती.' गंमत अशी, की दोघांचंही खरं असतं. म्हणूनच हे भांडण 'कोण बरोबर' या प्रश्नानं कधी सुटत नाही. ते सुटतं 'कोणाची हद्द कुठपर्यंत' या प्रश्नानं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शिवकाळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा कोणाचा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे त्या व्यवस्थेत आधीच ठरलेलं असे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद, असा हिशेब सभासदाच्या बखरीत आहे. 1673 सालच्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आधीच वाटेल तशी खर्चून टाकाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्यातला आशय आहे. वैरणीची जबाबदारी नेमकी कोणाची, याबद्दल त्या पत्रात कसलाही गोंधळ नाही. आजच्या तबेल्यांत नेमका तोच असतो.

एक उदाहरण सांगतो. तबेला पुण्याजवळचा, नाव सांगत नाही. दहा-बारा घोडी, त्यातली चार बाहेरच्या लोकांची, ठेवायला दिलेली. स्पर्धा जवळ आल्या म्हणून उस्तादांनी एका घोडीची चंदी वाढवायला मोतद्दाराला सांगितलं. मालकानं खर्च पाहिला, उन्हाळाही पाहिला, आणि चंदी कमी करायला सांगितलं. मोतद्दार बिचारा दोन्ही तोंडांना 'हो जी' म्हणत राहिला. उस्ताद असले की तोबरा भरून, मालक असले की अर्धा. असं आठवडाभर चाललं आणि एका रात्री घोडीला पोटशूळ उठला.

घोड्याचं शरीर मोठं, पण जठर लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. त्याला थोडं थोडं, ठरल्या वेळी आणि शक्यतो तेच ते खायला लागतं. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही. माणसाला अजीर्ण झालं तर ओकून मोकळं होता येतं. घोड्याला ती सोय निसर्गानं दिलेली नाही. म्हणून दाण्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत, हळूहळू करायचा असतो. ती घोडी घामानं निथळत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, खाली लोळायला जात होती. पहाटे चारच्या सुमारास तिनं लीद टाकली तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग बाहेर ओट्यावर मालक आणि उस्ताद यांची जुंपली. 'तुम्ही वाढवलं म्हणून.' 'तुम्ही तोडलं म्हणून.' ज्या मुलीची ती घोडी, ती तेरा वर्षांची. ती आईचा हात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

मी दोघांना एवढंच म्हणालो, 'औषध मी देईन, पण एकाचा निरोप दुसऱ्याला देणार नाही. दोन दिवसांनी दुपारी बसू.' दुपारची वेळ मुद्दाम. तेव्हा घोडी विसावलेली असतात, शिकायला आलेली मुलं नसतात. रिंगणाच्या कडेला, पालकांसमोर किंवा मोतद्दारादेखत असल्या गोष्टी काढल्या, की माणूस मुद्दा सोडतो आणि अब्रू सांभाळायला लागतो. मालक म्हणाले, 'डॉक्टर, यांना सांगा, तबेला माझा आहे.' मी म्हटलं, 'शेठ, ते समोर बसलेत. त्यांनाच सांगा.' पहिला अर्धा तास जुनी उणीदुणी निघाली. उस्ताद ठेवायला दिलेल्या एका घोड्यावर दुसऱ्या मुलांना बसवतात, हे मालकानं त्या घोड्याच्या धन्याला परस्पर फोनवर सांगितलं होतं. तो राग होता. उस्ताद सगळी मुलं घेऊन दुसरीकडे जाणार, अशी कुजबुज मालकाच्या कानावर होती. ती भीती होती. चंदी हे निमित्त होतं.

मग एक कोरा कागद घेतला आणि कोणत्या गोष्टीत शेवटचा शब्द कोणाचा, तेवढंच लिहायला लागलो. रिंगणाच्या फाटकाच्या आत उस्तादांचा शब्द. मालकाला धोका दिसला तर शिकवणी थांबवायचा अधिकार त्यांना, पण मुलांसमोर शिकवण्यातल्या चुका काढायच्या नाहीत. फाटकाच्या बाहेर, म्हणजे ठाण, वैरण, पाणी, स्वच्छता यांत मालकाचा शब्द. चंदी बदलायची तर उस्तादांनी मालकाला सांगायचं, मालकानं ती फळ्यावर लिहायची, आणि मोतद्दारानं फक्त फळा मानायचा. दुसऱ्याच्या घोड्यावर कोणाला बसवायचं तर धन्याची लेखी परवानगी. प्रत्येक शिकवणीमागे रिंगणाचं भाडं किती आणि ते कोणत्या तारखेला द्यायचं. रात्री-अपरात्री घोडा आजारी पडला तर डॉक्टरला कोणी बोलवायचं, उपचाराला होकार कोणी द्यायचा. आणि वेगळं व्हायची वेळ आली तर एक महिन्याची सूचना. कोणाकडे शिकायचं ते मुलांच्या पालकांनी ठरवायचं. एका पानात सगळं बसलं. लिहिताना लक्षात आलं, की निम्म्याहून अधिक बाबतींत दोघांचं मुळात दुमत नव्हतंच.

कायदाही या बाबतीत अगदी मुका नाही. आपला भारतीय करार कायदा 1872 सालचा. दुसऱ्याची वस्तू विश्वासानं ताब्यात घेतली की काय जबाबदारी येते, हे सांगताना त्या कायद्यानं उदाहरणं दिली आहेत ती चक्क घोड्यांची. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असूनही न सांगता तो दुसऱ्याला दिला आणि तो माणूस पडून जखमी झाला, तर भरपाई देणाऱ्याच्या माथी. हे कलम 150. एकाला स्वतःच्या रपेटीसाठी म्हणून घोडा दिला आणि त्यानं घरच्या दुसऱ्याच माणसाला त्यावर बसवलं, तर त्या माणसानं कितीही काळजी घेतली असली, तरी घोड्याला झालेल्या इजेची भरपाई घोडा घेऊन जाणाऱ्याकडे. हे कलम 154. म्हणजे 'एकदाच बसवलं, काय बिघडलं' हे म्हणणं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघालं आहे. पैसे थकले म्हणून घोडा अडवून ठेवण्याची धमकीही सर्रास दिली जाते. कलम 170 मधला वस्तू अडवण्याचा हक्क त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आहे. तिथलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं आहे. नुसती वैरण घालून सांभाळणं त्यात बसतं असं कोणी गृहीत धरू नये. थकबाकीचं काय करायचं, तेही आधीच कागदावर हवं.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. लंगडणाऱ्या घोड्यावर स्वारी शिकवणं, पाठीला जखम असताना खोगीर चढवणं, उपाशी ठेवणं, हे मतभेद नव्हेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. तिथे समेट करायचा नसतो, आधी घोडा बाहेर काढायचा असतो.

आता चार शब्द पालकांसाठी. मुलाला कुठे घालण्यापूर्वी किंवा घोडा ठेवण्यापूर्वी मालक आणि प्रशिक्षक दोघांना एकत्र उभं करून तीन प्रश्न विचारा. घोड्याच्या खाण्याचं कोण ठरवतं? माझ्या घोड्यावर आणखी कोण बसेल? तुम्ही दोघं वेगळे झालात तर माझ्या घोड्याचं काय? उत्तरं देताना दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर कागद झालेला नाही असं समजा. दोघांचे पैसे वेगवेगळे द्या आणि दोघांकडूनही पावती घ्या. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याकडे पोचवू नका. 'तुमचं तुम्ही बोला' एवढं सांगितलं तरी निम्मी भांडणं विझतात. मुलासमोर कोणा एकाची बाजू घेऊ नका. मुलाला उस्ताद हवे असतात आणि घोडाही. रागाच्या भरात रातोरात घोडा हलवू नका. नवी जागा, नवं पाणी, नवी वैरण आणि अनोळखी शेजारी हे सगळं एकदम आलं, की घोडा बिघडतो. हलवायचाच तर जुनी वैरण आठ-दहा दिवस पुरेल इतकी बरोबर न्या आणि नवी हळूहळू मिसळा.

त्या तबेल्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. दोघांची गळाभेट झाली नाही. दीड वर्ष त्या कागदावर काम नीट चाललं. मग उस्तादांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली. त्यांनी महिनाभर आधी सांगितलं, हिशेब चुकता केला. पाच मुलं त्यांच्याबरोबर गेली, बाकीची राहिली. मालकानं दुसरे प्रशिक्षक आणले. काही भांडणं मिटत नाहीत, ती नीट संपवावी लागतात. पण त्या साऱ्या बदलात एकाही घोड्याचा तोबरा चुकला नाही, आणि त्या मुलीची घोडी आजही ठणठणीत आहे. फळा अजून वैरणीच्या खोलीच्या दाराशी टांगलेला असतो. नव्या माणसाला मोतद्दार सगळ्यात आधी तोच दाखवतो.