मोटारीची बॅटरी
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी आज बॅटरीवर बोलणार म्हटल्यावर पुष्कळजणी हसल्या. गेल्या श्रावणात मध्यरात्री सासूबाईंच्या छातीत दुखू लागले आणि दारची मोटार 'टक्' एवढाच आवाज करून गप्प झाली, तेव्हा मला हसू आले नव्हते. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून निभावले. आमची गाडी सहा आठवडे हलली नव्हती. वापरत नाही म्हणजे झिजत नाही, ही माझी समजूत!

बॅटरीचे नेमके उलटे आहे. तिच्यात दोन-दोन व्होल्टचे सहा सेल, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल. वीज खर्च होते तसा प्लेटांवर लेड सल्फेटचा थर धरतो. चार्जिंगने तो जातो. पण आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर घट्ट होतो, मग चार्जिंगलाही दाद देत नाही. उभ्या गाडीतही घड्याळ आणि चोरघंटा थोडी थोडी वीज खातच असतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाऊण तास गाडी फिरवून आणावी. दारात पाच मिनिटे इंजिन घुरघुरवून भागत नाही.

साधा मीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ झाले की चार्ज करावी. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंग सावकाश बरे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर पुरे. त्या वेळी हायड्रोजन निघतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ उदबत्तीसुद्धा नको.

बुचांची बॅटरी असेल तर प्लेटा उघड्या पडू देऊ नका. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटर. नळाचे नाही, आम्ल तर नाहीच. हल्लीच्या पुष्कळ बॅटऱ्या बंदच असतात, त्यांना हे लागत नाही. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, आणि तो डबा आपल्याच फडताळात असतो! मात्र त्याआधी ऋण टोकाची तार सोडा, आणि जोडताना ती शेवटी जोडा. आणि बांगड्या, अंगठी काढून ठेवा. दोन्ही टोकांना धातू टेकला तर क्षणात लाल होतो. सोने असले म्हणून बॅटरी भीड धरत नाही.

सासूबाई आता बऱ्या आहेत. दर रविवारी पुढच्या सीटवर बसून देवळाला येतात. देऊळ फार जवळ पडते, म्हणून आम्ही लांबच्या रस्त्याने जातो.