मात्रा हेंहि अक्षरच

श्रोतेहो, आमच्या येडशीजवळ रामलिंगाचें देवस्थान आहे. निवृत्तीनंतर गांवाविषयींचीं जुनीं टिपणें मीं संगणकावर उतरविलीं आणि त्यांतील शब्दांची सूची करण्यास पायथन या संगणकभाषेचें साह्य घेतलें.

या भाषेंत नेमका शब्द न देतां शब्दाचा नमुना देऊन शोध करतां येतो. ही कल्पना गणिती स्टीफन क्लेनी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. केन थॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लावली. १९६२ सालच्या शुद्धलेखन-नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले, तरी ‘नाहीं?’ एवढा नमुना दिला कीं जुनें ‘नाहीं’ आणि नवें ‘नाही’ हीं दोन्ही रूपें सांपडतात. प्रश्नचिन्हाचा येथें अर्थ असा, कीं त्यामागील चिन्ह असो वा नसो. हें पाहून मला फार संतोष झाला.

परंतु सूची तयार झाली, तींत रामलिंग कोठेंच दिसेना! ‘शब्दांतील कोणतेंहि अक्षर’ या अर्थाची जी तयार खूण मीं वापरली, ती काना, वेलांटी, अनुस्वार यांस अक्षर मानीत नाहीं. त्यामुळें ‘र’, ‘मल’ आणि ‘ग’ असे त्या नांवाचे तीन तुकडे झाले होते. खुणेऐवजीं देवनागरी चिन्हांचा सबंध पट्टा चौकटी कंसांत लिहिला, तेव्हां नांव अखंड हातीं आलें. त्याबरोबर आलेले दंड आणि अंक तेवढे वगळावे लागले.

श्रोतेहो, यंत्राची यादी खरी मानण्यापूर्वीं आपल्या गांवाचें नांव तींत एकदां शोधून पाहावें.