नेपाळात सेवेला जाताना

नेपाळच्या खेड्यात सेवेसाठी गेलेल्या मराठी माणसाला पाट्या सहज वाचता येतात, कारण नेपाळीची लिपीही देवनागरीच. बाकीची सवय मात्र करावी लागते: दोन्ही वेळा डाळ-भात, सार्वजनिक नळावरचं गार पाणी, सुटी शनिवारी आणि भिंतीवर विक्रम संवताचं कॅलेंडर.

पण सेवेसाठी अनाथालय निवडण्याआधी थोडं थांबा. नेपाळमधल्या बालगृहांतल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात. शिक्षणाच्या आशेनं त्यांनी मुलांना गावाकडून धाडलेलं असतं. बरीच बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच आहेत. सेवेला आलेला पाहुणा महिन्याभरात परततो. लळा लागलेलं मूल पुन्हा एकटं पडतं. म्हणून जायचंच असेल, तर गावच्या शाळेला, तिथल्या शिक्षकांना हातभार लावा. मूल आपल्या घरी राहून शिकावं, हीच खरी सेवा.